ब्रीफकेसचा पंचनामा

आमचे आप्पा पोलीस खात्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि शेवटची नऊ वर्षं त्यांच्याकडे मुद्देमालाचं काम होतं. म्हणजे चोरीची सायकल, भांडणातली कुऱ्हाड, हातभट्टीचे कॅन, जुगारातले पत्ते आणि साडेतीनशे रुपये, जे काही जप्त होईल त्याला लेबल लावायचं, लाखेचं सील मारायचं, रजिस्टरला चढवायचं, आणि केसचा निकाल लागला की कोर्टाच्या ऑर्डरप्रमाणे परत द्यायचं नाहीतर नष्ट करायचं. हे इथे सांगायचं कारण असं की माझा एमएचा लघुप्रबंध, जो एका अमेरिकन कादंबरीवर होता, तो आप्पांच्या या रजिस्टरच्या सवयीमुळे पूर्ण झाला, नाहीतर मी तो जवळजवळ सोडूनच दिला होता.

कादंबरी राल्फ एलिसनची 'इनव्हिजिबल मॅन'. १९५२ ची, पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. नायकाला शेवटपर्यंत नाव नाही. दक्षिणेतला हुशार काळा मुलगा, भाषण चांगलं करतो, स्कॉलरशिप मिळते, मग कॉलेजातून हाकलला जातो, न्यूयॉर्कला येतो, रंगाच्या कारखान्यात जातो, मग हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत, ब्रदरहूड नावाच्या संघटनेचा वक्ता होतो आणि शेवटी दंगलीत पळताना उघड्या मॅनहोलमधून खाली कोळशाच्या ढिगाऱ्यावर पडतो. माझा विषय होता या कादंबरीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तू आणि त्यातून दिसणारी वांशिक दडपशाही. विषय मीच मागून घेतला होता, कारण वाटलं होतं सोपा असेल. वस्तू मोजायच्या, प्रत्येकीचा अर्थ लिहायचा, झालं की.

पहिला ड्राफ्ट मी तसाच केला. बाजारात मिळणाऱ्या गाईडमध्ये असतं तसं, ब्रीफकेस म्हणजे लादलेली ओळख, साखळी म्हणजे गुलामगिरी, पांढरा रंग म्हणजे गोऱ्यांचं वर्चस्व, बाहुला म्हणजे काळ्या माणसाची थट्टा. बावीस पानं झाली. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वाचली आणि म्हणाल्या, "अगं, हे तू शब्दकोडं सोडवल्यासारखं केलंयस. एक उभा दोन आडवा. कादंबरी कुठंय यात?" मला रागच आला खरं सांगायचं तर. ज्युनियर कॉलेजवर तासिका तत्त्वावर शिकवायचं, घरी दोन मुलं, रात्री अकरानंतर वाचायचं, आणि वर हे ऐकायचं. त्यांनी एकच वाक्य जास्तीचं बोललं, "वस्तूचा अर्थ नंतर बघ, आधी ती वस्तू कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली ते बघ." ते तेव्हा डोक्यात शिरलंच नाही.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा पुस्तक सोबत होतंच. आप्पा इंग्रजी वाचत नाहीत पण गोष्ट ऐकायला त्यांना भयंकर आवडतं, आणि दुपारी ओसरीवर बसून त्यांनी विचारलं काय चाललंय तुझं ते. मी सुरुवातीपासून सांगायला लागले. तळघरात राहतो, १३६९ बल्ब लावलेत, वीज कंपनीची चोरून वापरतो. आप्पा म्हणाले, "म्हणजे आकडा टाकलाय." मी म्हटलं हो आप्पा, आकडाच टाकलाय. मग त्यांनी विचारलं की १३६९ च का, आणि बसल्या बसल्या पेपरच्या कडेला आकडेमोड करून सांगितलं की सदतीस गुणिले सदतीस होतात बरोबर. हे मला माहीत नव्हतं! म्हणजे आकडा पुस्तकात वाचलेला होता पण गुणाकार करून बघायचं सुचलं नव्हतं.

मग पहिल्या प्रकरणावर आलो. गावातल्या बड्या गोऱ्या लोकांची पार्टी, मुलाला तिथे भाषण करायला बोलावलंय, पण भाषणाआधी त्याला आणि आणखी काही काळ्या पोरांना डोळ्यावर पट्ट्या बांधून एकमेकांशी मारामारी करायला लावतात, मग एका गालिच्यावर नाणी टाकतात आणि ती उचला म्हणतात, आणि गालिच्यात करंट सोडलेला. पोरं झटके खात नाणी गोळा करतात आणि ती नाणी नंतर निघतात पितळी टोकनं, कुठल्याशा मोटारीची जाहिरात असलेली. एवढं झाल्यावर तोंडात रक्त साचलेल्या अवस्थेत तो भाषण करतो, एके ठिकाणी 'सामाजिक जबाबदारी' म्हणायच्या ऐवजी तोंडातून 'सामाजिक समता' निघून जातं तर सगळी खोली गप्प होते, आणि शेवटी त्याला बक्षीस म्हणून चकचकीत चामड्याची ब्रीफकेस देतात, आत काळ्यांच्या कॉलेजची स्कॉलरशिप. तो आभार मानायला जातो तर रक्ताची लाळ ब्रीफकेसवर पडते.

आप्पांनी मला तिथंच थांबवलं. "डाग पडला का बॅगेवर? मग लिही ते. पंचनाम्यात पहिलं तेच लिहितात. चामडी बॅग एक, वरती रक्तासारखा दिसणारा डाग." 'रक्ताचा डाग' असं लिहायचं नाही म्हणे, 'रक्तासारखा दिसणारा' असंच लिहायचं, रक्त आहे की नाही ते लॅब ठरवते. आणि मग त्यांनी आतून जुनी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या आणि कॉलम पाडून दिले. अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन, कोठे मिळाली, कोणी दिली, सध्या कोठे आहे. म्हणाले, बॅगेत जे जे जाईल ते चढवत जा. मला हसू आलं पण मी चढवायला बसले, कारण दुसरं काही सुचतही नव्हतं.

पुढचे दोन महिने मी तेच केलं. दुसऱ्यांदा कादंबरी वाचली ती फक्त त्या बॅगेवर नजर ठेवून.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो गल्ल्याला. हार्लेममध्ये नायक मेरी नावाच्या एका काळ्या बाईच्या घरी भाड्याने राहतो, बाई प्रेमळ, तो आजारी असताना तिनेच त्याला घरी आणलेलं. त्या घरातून निघायच्या दिवशी सकाळी त्याला खोलीत एक बिडाचा गल्ला दिसतो. काळाकुट्ट माणसाचा अर्धपुतळा, लाल जाड ओठ, तोंड फाकून हसतोय, छातीवर लिहिलंय 'मला खायला घाल', हातावर नाणं ठेवून मागची दांडी दाबली की हात वर जातो आणि नाणं तोंडात. मला आधी वाटलं एलिसनने हे कल्पनेतून लिहिलं असेल. पण असे गल्ले खरोखर बनायचे, १८८० च्या दशकापासून, अमेरिकेतल्या कारखान्यांत, गोऱ्या घरातल्या लहान मुलांना बचतीची सवय लागावी म्हणून. मिशिगनमधल्या फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीत जिम क्रो म्युझियम आहे (काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या तिकडच्या जुन्या कायद्यांना जिम क्रो म्हणत), तिथे असल्याच वस्तू जमवून ठेवल्यात, गल्ले, बाहुल्या, जाहिराती, पोस्टकार्डं. अशा एका गल्ल्याचा व्हिडिओ मी पाहिला. नाणं तोंडात जाताना त्याचे डोळे वर फिरतात. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि चौथ्यांदा बंद केला. माझा मुलगा मागे उभा होता, तो म्हणाला मम्मी हे भारी आहे, आपण घेऊ या का. त्याची काही चूक नाही, खेळणं म्हणून ते बनवलंच इतकं भारी होतं, आणि त्यातच सगळी गोम आहे.

तर नायक चिडून तो गल्ला फोडतो, आतली नाणी सांडतात, आणि मेरीला कळू नये म्हणून तुकडे नि नाणी वर्तमानपत्रात गुंडाळून ब्रीफकेसमध्ये टाकतो. बाहेर पडल्यावर एका घरासमोरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो तर तिथली बाई अंगावर येते की आमच्या डब्यात तुमचा कचरा नको, साउथहून आलेली तुमच्यासारखी माणसं येऊन वस्ती घाण करतात. बाई काळीच बरं का. मग त्याला हाताने ते परत काढावं लागतं. पुढे तो पुडकं रस्त्यात तसंच सोडून जातो तर एक माणूस पळत पळत मागे येतो, तुमचं हे राहिलं म्हणून, आणि नाही म्हटलं तर उलट यालाच काहीतरी लफडं करतोयस म्हणून दम देतो. पहिल्यांदा वाचताना मी खो खो हसले होते, आमच्या सोसायटीत कचऱ्यावरून हीच भांडणं होतात. रजिस्टरला चढवताना मात्र 'कोणी दिली' या कॉलमपाशी अडकले. कोणीच दिलेली नाही. घर मेरीचं, वस्तू मेरीच्या घरातली, फोडली याने, आणि टाकता येत नाही म्हणून आता याच्या बॅगेत. मग मला मॅडमचं ते हातातून हातात जाण्याचं वाक्य आठवलं आणि पहिल्यांदा डोक्यात काहीतरी हललं. गोऱ्यांनी गोऱ्या मुलांसाठी केलेली वस्तू एका काळ्या बाईच्या घरात येऊन बसली आणि तिला ती खुपत नाही. यावर मी चार पानं लिहिली, तीच माझ्या प्रबंधातली सगळ्यात बरी पानं आहेत असं मला अजून वाटतं.

बेड्यांचंही तसंच. कॉलेजचे प्रेसिडेंट डॉ. ब्लेडसो, स्वतः काळे, त्यांच्या टेबलावर गुलामगिरीच्या काळातली पायातली बेडी ठेवलेली असते, आपल्या प्रगतीचं प्रतीक म्हणून. नायकाला हाकलताना ती हातात घेऊनच बोलतात. हेच गृहस्थ त्याला न्यूयॉर्कच्या बड्या लोकांच्या नावे सात बंद पाकिटं देतात, शिफारसपत्रं म्हणून, आणि आत लिहिलेलं असतं की याला लटकवत ठेवा, नोकरी देऊ नका. नंतर ब्रदरहूडमध्ये टार्प नावाचा म्हातारा भेटतो. तो दक्षिणेत एका माणसाला फक्त 'नाही' म्हणाला म्हणून १९ वर्षं साखळदंडात काम करत होता, पळून आला, पायाला काही झालेलं नाही तरी अजून लंगडतो कारण पायाला साखळी ओढायची सवय. तो नायकाला साखळीची एक कडी देतो, कानसीने कापून वाकवून उघडलेली. नायकाला लगेच आठवतं की ब्लेडसोची बेडी गुळगुळीत होती. गाईडमध्ये दोन्हीचा अर्थ एकच, गुलामगिरी. माझ्या वहीत मात्र दोन वेगळ्या ओळी झाल्या, कारण एक कधी कापलीच गेली नव्हती आणि दुसरीवर तोडल्याचे ओरखडे होते. आप्पा म्हणाले कोर्टात ओरखड्यांनाच महत्त्व असतं.

आणि यातली गंमत अशी, नायक ती कडी आपल्या ऑफिसच्या टेबलावर ठेवतो तर संघटनेतला एक कार्यकर्ता येऊन म्हणतो की असल्या वस्तू इथे नकोत, याने आपल्यातला फरक उगाच डोळ्यासमोर येतो. कुठल्याही संघटनेत असा एक माणूस असतोच, आमच्या स्टाफरूममध्येही आहे, असो.

रंगाच्या कारखान्यावर मी फार लिहिलं नाही. अतिशुभ्र पांढऱ्या रंगाच्या प्रत्येक बादलीत दहा थेंब काळं द्रव्य टाकून ढवळायचं, मग तो पांढरा जास्त पांढरा होतो, आणि तो रंग जाणार सरकारी स्मारकाला. चांगलंच आहे, पण ते एलिसनने इतकं उघड करून ठेवलंय की आपण त्यात काय भर घालणार, कुठल्याही विद्यार्थ्याच्या पेपरात पहिलं उदाहरण हेच असतं.

भाषेचा एक त्रास सांगते. प्रबंध इंग्रजीत होता पण आप्पांना मी सगळं मराठीत सांगत होते, आणि गल्ल्याला इंग्रजीत जे नाव होतं त्यातला तो शिवीसारखा शब्द मराठीत आणताच येईना. 'काळ्या' म्हटलं तर आमच्या गल्लीत तीन काळ्या आहेत, त्यातला एक माझा चुलतभाऊ, आणि विठोबाला तर आपण काळा म्हणूनच ओवाळतो. म्हणजे रंगावरून आपल्याकडे कुणी बोलत नाही असं अजिबात नाही, लग्न जमवताना बघा काय काय बोलतात ते. पण तो शब्द ज्या विकण्या-विकत घेण्यातून आलाय ते 'काळ्या'मध्ये नाही. शेवटी मी आप्पांना सांगताना 'तो शब्द' एवढंच म्हणायला लागले आणि त्यांनाही ते बरोबर कळलं.

मध्ये मी एक जास्तीचं प्रकरण लिहिलं होतं, पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू, बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातीचा उच्छेद' मध्ये त्याचा उल्लेख केलाय, ते आणि एलिसनच्या वस्तू शेजारी शेजारी. आपल्याकडे हा धागा काही नवा नाही, महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेऊन. मला वाटलं मॅडम खूश होतील. त्यांनी पूर्ण प्रकरण काढायला लावलं. "मडकं कुणी भेट दिलं का? नाही ना? ते बांधलं. तुझ्या नायकाला ब्रीफकेस टाळ्या वाजवून दिलीय. तुझा सगळा मुद्दाच हा आहे आणि तूच तो बुडवतेयस." फार जिवावर आलं काढताना, अठरा पानं होती. पण त्यांचं बरोबर होतं. ते प्रकरण अजून पेनड्राईव्हमध्ये आहे.

आता आप्पांनी माझी खरी विकेट काढली तो किस्सा. वहीत पाचव्या नंबरला होती एक निनावी चिठ्ठी, नायक संघटनेत जरा नाव कमवायला लागल्यावर पोस्टाने आलेली, मित्र म्हणून सांगतो फार घाईने पुढे जाऊ नकोस, हे गोऱ्यांचं जग आहे, अशा अर्थाची. सातव्या नंबरला होता एक कागदाचा तुकडा, ज्याच्यावर संघटनेच्या ब्रदर जॅकने त्याला त्याचं नवं नाव लिहून दिलं होतं. मधल्या सहाव्या नंबरला कागदी बाहुला, टॉड क्लिफ्टन नावाचा संघटनेतलाच देखणा पोरगा सगळं सोडून भर रस्त्यात विकत असतो तो, दोरा दिसत नाही, बाहुला आपोआप नाचल्यासारखा वाटतो, आणि त्याच दिवशी पोलीस क्लिफ्टनला गोळी घालतात. नायक एक बाहुला खिशात ठेवतो आणि नंतर त्याला तो बारीक काळा दोरा सापडतो. मी आप्पांना हे दोऱ्याचं रंगवून सांगत होते, तर ते वहीत बघत म्हणाले, "पाच आणि सात शेजारी ठेवून अक्षर बघ. दोन्ही हाताने लिहिलेलंय ना?"

मी शेवट सांगितलेला नव्हता! शेवटी तेच आहे. मॅनहोलमधून पडतो तिथे काळोख, उजेडासाठी जाळायला बॅगेतल्या कागदांशिवाय काही नाही, आधी शाळेचं सर्टिफिकेट जाळतो, मग बाहुला, तो पटकन पेटत नाही नुसता धुमसतो, त्या धुमसणाऱ्या बाहुल्याच्या उजेडात निनावी चिठ्ठी, आणि लगेच नावाचा कागद, आणि तेव्हा त्याला दिसतं की दोन्ही अक्षरं एकाच माणसाची. जे माझ्या नायकाला कितीतरी पानं कळलं नाही ते आप्पांना ओसरीवर बसून कळलं. मी म्हटलं कसं ओळखलं तुम्ही, तर म्हणाले निनावी अर्ज नव्वद टक्के जवळच्याचाच असतो.

व्हायवाला बाहेरून आलेले सर जरा घाईत होते. माझ्या परिशिष्टात तो तक्ता जसाच्या तसा होता, आप्पांच्या कॉलमसकट. त्यांनी तो बघून विचारलं की हे काय इन्व्हेंटरीसारखं, यात थिअरी कुठे आहे. मी सांगायला सुरुवात केली की 'कोणी दिली' हा कॉलम वाचत गेलं तर बॅग, स्कॉलरशिप, नवं नाव, सगळं मानाने दिलेलं आहे, जबरदस्तीने काहीच नाही, आणि अगदी सुरुवातीलाच नायकाचे आजोबा त्याच्या स्वप्नात येऊन ब्रीफकेस उघडायला लावतात तेव्हा पाकिटात पाकीट निघत जातं आणि शेवटच्यात एवढंच लिहिलेलं असतं की या पोराला पळवत ठेवा. सर मान हलवत होते पण पान उलटत होते. मग त्यांनी तक्त्यावर पेन ठेवलं. "इथे दोन खाने रिकामे का?"

गल्ला आणि कडी. 'सध्या कोठे आहे' समोर काहीच नाही. मी सांगितलं, सर, कागद जळले, बिडाचं आणि लोखंडाचं जळत नाही, आणि त्या रात्रीनंतर त्या दोन वस्तू कुठे गेल्या ते मला दोनदा वाचून सापडलं नाही. दंगलीत पेटलेल्या बिल्डिंगमध्ये तो फक्त बॅग राहिली म्हणून परत घुसतो, इतके दिवस सांभाळली आता सोडवत नाही म्हणून, आणि खाली पडल्यावर मात्र त्याच बॅगेतल्या या दोन वस्तूंचं नाव निघत नाही. सर म्हणाले, "मग तसं लिहायचं ना, रिकामं कशाला सोडायचं." मार्क ठीकठाक पडले.

बाईंडिंग केलेली एक कॉपी आप्पांना दिली. इंग्रजी वाचत नाहीत तरी तक्ता बरोबर शोधून काढला, चष्मा लावून आकडे तपासले आणि ते दोन खाने बघून विचारलं की केसचा निकाल लागलाय का. मी म्हटलं कुठली केस आप्पा, कादंबरी आहे. त्यांनी पेन मागितलं आणि दोन्ही खान्यांत त्यांच्या त्या सरकारी वळणदार अक्षरात 'प्रलंबित' लिहून खाली सही केली, तारखेसकट.